गाडीच्या अपघातात जखमी झालात तर क्लेम किती होतो आणि कागदं कशी जमवायची: सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर २०१९ मध्ये माझा धाकटा भाऊ मोहोळहून बाईकवर घरी येत होता, पुणे हायवेला मागनं एका कारनं उडवलं. उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली, आत रॉड आहे, गुडघा आजही पूर्ण वाकत नाही. तो पॉवरलूमवर माग चालवायचा. त्याच्या क्लेमची फाईल चार वर्षं मीच सांभाळली, पोलीस स्टेशन, दवाखाना, कोर्ट सगळीकडं मीच पळाले. तेव्हापासून गल्लीतले, नात्यातले लोक विचारायला येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय. मी वकील नाही. केस चालवायला वकील लागतोच, पण वकिलाच्या हातात द्यायची कागदं आपल्यालाच गोळा करायला लागतात आणि निम्मी केस तिथंच जिंकते किंवा हरते.

अपघात झाल्या झाल्या काय करायचं?

आधी माणूस दवाखान्यात. १०८ ला फोन करा, ११२ ला पण करा म्हणजे पोलिसांकडं नोंद होते. दवाखान्यात "पडला", "घसरला" असं काहीतरी सांगू नका, कुठल्या गाडीनं धडक दिली तेच सांगा, कारण पहिल्या केसपेपरवर डॉक्टर जे लिहितात ते शेवटपर्यंत तुमच्या मागं येतं. आमच्या ओळखीतल्या एका बाईंच्या केसपेपरवर घाबरलेल्या नवऱ्यानं "गाडीवरून पडली" एवढंच लिहून घेतलं होतं, पुढं विमा कंपनीच्या वकिलानं त्याच एका ओळीवर दोन तारखा उलटतपासणी घेतली. केसला एमएलसी नंबर (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवलेली केस) पडला का ते विचारा आणि तो नंबर मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

जमलं तर कुणालातरी जागेवर थांबवून फोटो काढायला सांगा. गाड्या हलवायच्या आधीचे, नंबर प्लेट दिसेल असे, टायरच्या खुणा, रस्त्याचा कडेचा भाग. आपल्या जिल्ह्यात गाळप चालू झालं की रात्रीच्या उसाच्या ट्रॉल्यांचे अपघात लय होतात, तिथं ट्रॅक्टरचा नंबर आणि ट्रॉलीचा नंबर वेगळा असतो हे लक्षात ठेवा, दोन्ही लिहून घ्या आणि मागं रिफ्लेक्टर होता का नव्हता त्याचा फोटो घ्या. सकाळी ट्रॉली तिथं नसते.

उपचाराचे पैसे आमच्याकडं नाहीत, क्लेमचे पैसे लगेच मिळतात का?

लगेच मिळत नाहीत. पण मे २०२५ पासून केंद्र सरकारची रस्ते अपघातासाठी कॅशलेस योजना आहे, अपघाताच्या तारखेपासून ७ दिवसांपर्यंत १ लाख ५० हजार रुपयांपर्यंतचा उपचार योजनेत असलेल्या दवाखान्यात होतो. दवाखान्यात पोचल्या पोचल्या काउंटरवर हेच विचारा, महात्मा फुले योजनेत बसतं का ते पण विचारा. योजनेतून उपचार झाला म्हणून क्लेम बुडत नाही. बिलाची रक्कम कमी होईल, पण बुडालेला पगार, अपंगत्व, त्रास या बाकीच्या गोष्टी तशाच राहतात.

एफआयआर उशिरा झाली तर क्लेम जातो का?

जात नाही. माणूस ऑपरेशन थिएटरमध्ये असताना घरचे पोलीस स्टेशनला कुठनं जाणार, हे सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच सांगितलंय की नुसत्या उशिरामुळं क्लेम फेटाळायचा नाही. पण उशीर का झाला ते फिर्यादीतच लिहून घ्या, "जखमीवर उपचार चालू असल्यानं" एवढं वाक्य तरी पाहिजेच. हल्ली गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली लागतो, जुन्या लोकांना २७९, ३३७, ३३८ माहीत आहेत तेच हे.

समोरचा म्हणतो पोलिसात जाऊ नका, वीस-तीस हजार देतो. घ्यावं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि दर वेळी पोटात कालवतं. घेऊ नका. खरचटलंय एवढंच असेल तर तुमचं तुम्ही बघा, पण हाड मोडलंय, डोक्याला मार आहे, टाके पडलेत तर पहिल्या आठवड्यात कुणालाच माहीत नसतं की पुढं काय वाढून ठेवलंय. माझ्या भावाला पण दवाखान्यातच येऊन पंचवीस हजार देत होते आणि "आमची तक्रार नाही" असं लिहून मागत होते. आई सही करायला निघाली होती कारण त्या दिवशी औषधाला पैसे नव्हते. नंतर त्याच पायाचं दुसरं ऑपरेशन झालं. आणि एक गोष्ट लोकांना कळतच नाही, थर्ड पार्टी इन्शुरन्स असेल तर भरपाई त्या ड्रायव्हरच्या खिशातनं जात नाही, विमा कंपनी देते. "गरिबाचं घर कशाला बुडवायचं" म्हणून सोडून देणारे चांगल्या मनाचे लोक स्वतःचं घर बुडवून बसतात.

पोलिसांकडनं कुठली कागदं घ्यायची?

एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा आणि त्याचा नकाशा, जखमेचं सर्टिफिकेट, आरटीओचा गाडी तपासणीचा रिपोर्ट, साक्षीदारांचे जबाब, चार्जशीट. समोरच्या गाडीचं आरसी, पॉलिसी आणि ड्रायव्हरचं लायसन्स यांच्या झेरॉक्स तर सगळ्यात महत्त्वाच्या, पॉलिसीवर अपघाताच्या तारखेला कव्हर चालू होतं का ते स्वतः वाचा. २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणं पोलिसांनी ४८ तासांत पहिला रिपोर्ट आणि ९० दिवसांत सविस्तर रिपोर्ट ट्रिब्युनलला (अपघाताचे क्लेम चालवणारं कोर्ट) द्यायचा असतो, म्हणून तपास अधिकाऱ्याला नम्रपणे पण दर पंधरा दिवसांनी विचारत राहा.

पंचनामा वाचून बघा. आमच्यात दिशा उलटी लिहिली होती, सोलापूरकडं येणाऱ्या लेनऐवजी पुण्याकडं जाणारी, म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार की भाऊच राँग साइडनं आला. लेखी अर्ज देऊन ते दुरुस्त करून घ्यायला दोन महिने गेले.

अपघात विजापूर रोडला झळकीजवळ झाला, म्हणजे कर्नाटकात. केस तिकडं टाकायची का?

गरज नाही. अपघात जिथं झाला तिथं, तुम्ही जिथं राहता तिथं किंवा समोरचा जिथं राहतो तिथं, कुठंही अर्ज चालतो. सोलापुरात राहणाऱ्याला सोलापूरच्या मोटार अपघात दावा ट्रिब्युनलमध्येच टाकता येतो, ते आपल्या जिल्हा कोर्टातच आहे. फक्त तिकडची एफआयआर आणि पंचनामा कन्नडमध्ये असतो, त्याचं भाषांतर लवकर करून घ्या, शेवटच्या आठवड्यात भाषांतर करणारा सापडत नाही.

किती दिवसांत अर्ज टाकायचा?

१ एप्रिल २०२२ पासून कायद्यात ६ महिन्यांची मुदत आलीय, आधी अशी मुदत नव्हती. या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टानं अंतरिम आदेश दिला की नुसत्या मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नका. त्यामुळं उशीर झालेल्यांनी आशा सोडू नका, वकिलाला भेटा. पण ज्यांचे सहा महिने अजून शिल्लक आहेत त्यांनी आतच टाका. उपचार संपायची वाट बघायची नसते, अर्ज आधी, बिलं मागनं देता येतात.

मुख्य प्रश्न: किती मिळतील?

कुणी फोनवर आकडा सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. "फ्रॅक्चरला एवढे, रॉडला एवढे" असा रेट नसतो. कोर्ट एकेक गोष्ट वेगळी मोजतं: झालेला औषधपाण्याचा खर्च, येण्याजाण्याचा आणि पोषक आहाराचा खर्च, सांभाळायला माणूस लागला त्याचा खर्च, घरी बसल्यामुळं बुडालेला पगार, पुढं कायमचं अपंगत्व राहिलं तर पुढच्या आयुष्यात कमी होणारी कमाई, पुढचं ऑपरेशन (रॉड काढायचा असेल तर तो पण), आणि मग वेदना आणि आयुष्यातला हरवलेला आनंद. यातला सगळ्यात मोठा आकडा जवळजवळ कायम पुढच्या कमाईचाच असतो, आणि लोक मात्र मेडिकलच्या बिलांवरच भांडत बसतात.

हिशोब असा असतो. समजा ३४ वर्षांचा पॉवरलूम कामगार आहे, महिना १५,००० कमाई सिद्ध झाली. चाळिशीच्या आतल्या खाजगी काम करणाऱ्याला पुढं पगार वाढला असता म्हणून ४० टक्के वाढ धरतात, हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालातलं. म्हणजे २१,००० महिना, वर्षाचे २,५२,०००. मग वयाप्रमाणं गुणक, तो २००९ च्या सरला वर्मा निकालातनं येतो: २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३, पुढं कमी कमी होत जातो. ३४ ला १६ म्हणजे ४०,३२,०००. कोर्टानं काम करायची ताकद ३० टक्के गेली असं धरलं तर त्याचे १२,०९,६००. त्यात बाकीचे खर्च वेगळे मिळवायचे. ती ४० टक्के वाढ मागायला विसरलं तर हाच आकडा ८,६४,००० वर येतो, साडेतीन लाखाचा फरक एका परिच्छेदामुळं, म्हणून अर्ज टाकायच्या आधी वकिलाला विचारा की फ्युचर प्रॉस्पेक्ट्स लिहिलंय का. मृत्यूच्या केसमध्ये माणसाच्या स्वतःच्या खर्चापोटी काही हिस्सा वजा करतात, जखमीच्या केसमध्ये तसं वजा करायचं नसतं, कारण माणूस जिवंत आहे आणि त्याला खायला लागतंच.

सर्टिफिकेटवर ४० टक्के आहे म्हणजे ४० टक्क्यांचे पैसे मिळणार ना?

इथं बहुतेक सगळे चुकतात, मी पण चुकले होते. सर्टिफिकेटवरचे ४० टक्के कशाचे ते वाचा. पायाचे असतील तर पूर्ण शरीराचे त्यापेक्षा बरेच कमी होतात. पण कोर्टाला शेवटी तिसराच आकडा काढायचा असतो: या माणसाची, त्याच्या कामातली, कमाई किती टक्के गेली. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सुप्रीम कोर्टानं हेच समजावून सांगितलंय, की हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची सगळी कमाई जाऊ शकते, पण ऑफिसात बसून काम करणाऱ्या क्लार्कची तेवढी जात नाही.

आता हे आपल्या गावात लावून बघा. विडी वळणाऱ्या बाईची दोन बोटं आखडली तर डॉक्टर कागदावर थोडेच टक्के लिहितील, पण पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, सगळं बोटांवरच आहे. हजाराच्या हिशोबावर मजुरी मिळते, पूर्वी दिवसात जेवढ्या व्हायच्या त्याच्या निम्म्या झाल्या तर कमाई निम्मी गेली, बोटं दोनच का असेनात. माझ्या भावाच्या सर्टिफिकेटवर पायाचे ४० टक्के होते, कंपनीचा वकील म्हणाला पूर्ण शरीराचे तेराच होतात. आमच्या वकिलानं कारखान्याच्या मालकाला साक्षीला आणलं, त्यांनी सांगितलं की माग चालवणारा बारा तास उभा असतो, दोरा तुटला की वाकून जोडतो, हा आता दोन तासाच्या वर उभा राहू शकत नाही. कोर्टानं ३५ टक्के धरले. मालक साक्षीला आले नसते तर आम्ही तेरावरच अडकलो असतो, असं मला आजही वाटतं.

म्हणून तुमचं काम नेमकं काय होतं, कुठल्या हालचाली लागायच्या, आता कुठली होत नाही, हे साध्या भाषेत लिहून वकिलाला द्या. त्यांना मागाची, विडीची, गवंडीकामाची माहिती असेलच असं नाही.

अपंगत्वाचं सर्टिफिकेट कुठनं आणि कधी काढायचं?

उपचार संपून जखम स्थिर झाल्यावर. घाईनं काढलं तर "अजून सुधारणा होऊ शकते" असा शेरा येतो. सरकारी बोर्डाचं सर्टिफिकेट आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये होतं, पण नुसता कागद देऊन भागत नाही, ज्या डॉक्टरांनी उपचार केले किंवा तपासलं त्यांनी कोर्टात येऊन सांगावं लागतं. म्हणून ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांशी संबंध चांगले ठेवा, फॉलोअपला जात राहा. मधेच तीन महिने हाडवैद्याकडं गेलात आणि परत दवाखान्यात आलात तर त्या तीन महिन्यांचा एकही कागद नसतो आणि समोरचा म्हणतो पाय तुमच्या हयगयीनं बिघडला.

मला पगाराची स्लिप नाही, हातावर पोट आहे. कमाई कशी दाखवायची?

जे आहे ते आणा. कारखान्यातली पगाराची वही, मालकाचा दाखला आणि मालक स्वतः साक्षीला, बँकेच्या पासबुकातल्या नोंदी, पीएफ, विडी कामगाराचं ओळखपत्र आणि पासबुक, भाजीवाल्याच्या बाजार पावत्या, रिक्षावाल्याचं परमिट आणि बॅज, फोनपेचे सहा महिन्यांचे स्टेटमेंट. दुकान असेल तर इन्कम टॅक्सचं रिटर्न. काहीच नसेल तर कोर्ट किमान वेतनाकडं बघून अंदाज धरतं, पण किमान वेतन म्हणजे कमाल मर्यादा नव्हे. खोटा दाखला मात्र कधीच आणू नका, महिना पन्नास हजार लिहून आणलेला दाखला उलटतपासणीत फाटला की खरे पंधरा हजार पण कोर्टाला खोटे वाटायला लागतात.

घर सांभाळणाऱ्या बाईला कमाई नाही म्हणून काही मिळत नाही, असं एका दाजींनी मला ठणकावून सांगितलं होतं. चुकीचं आहे. घरकामाची किंमत धरायची असते, सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये कीर्तीच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय.

बिलं कशी ठेवायची?

मेडिकलची बिलं थर्मल कागदावर येतात, वर्षभरात कोरी होतात. आमची चौदा बिलं अशीच पांढरी झाली, कोर्टात दाखवायला काही उरलं नाही. बिल आलं की त्याच दिवशी झेरॉक्स आणि फोटो, ओरिजिनल वेगळ्या प्लॅस्टिक फोल्डरमध्ये, उन्हापासनं लांब. प्रत्येक बिलावर पेशंटचं नाव पाहिजे आणि त्यामागं डॉक्टरची चिठ्ठी लावा, चिठ्ठी नसलेलं बिल कंपनी मान्य करत नाही. दवाखान्याकडनं एस्टिमेट किंवा कच्ची पावती घेऊन घरी येऊ नका, नंबर आणि शिक्का असलेलं फायनल बिल आणि भरलेल्या पैशाच्या पावत्या घ्या. आम्ही पहिल्या दवाखान्यात कच्च्या पावतीवर ४२,००० भरले होते, नंतर तिथं कुणी ओळखच दाखवेना. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेच्या फिल्म, सीटी स्कॅनची सीडी हे ओरिजिनल कुणालाच देऊन टाकायचं नाही, वकिलाला दिलं तरी यादीवर सही घ्या.

रिक्षानं ये-जा केली त्याची पावती कोण देतं? म्हणून एक शंभर पानी वही घाला. तारीख, कुठं गेलो, किती भाडं, सोबत कोण, त्या दिवशी सोबत येणाऱ्याची मजुरी बुडाली का. त्याच वहीत त्रास पण लिहा, मोठं काही नको, "आज संडासला बसता आलं नाही, आईनं धरलं" एवढं. दोन वर्षांनी कोर्टात उभं राहिल्यावर हे आठवत नाही आणि बोलायला लाज पण वाटते. वहीत असलं की वकील विचारतो आणि माणूस खरं बोलतो.

मेडिक्लेममधनं बिल भरलं गेलं, तरी ते पैसे मागता येतात का?

येतात. मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचनं सांगितलं की मेडिक्लेमचे पैसे भरपाईतनं कापायचे नाहीत, हप्ता तुम्ही भरलाय.

चूक थोडी आमची पण होती. मग?

तुमची चूक किती टक्के ते ठरवून तेवढे पैसे कमी होतात, क्लेम पूर्ण जात नाही. ट्रिपल सीट होता एवढ्यावरच पैसे कापता येत नाहीत, त्यामुळं अपघात झाला किंवा जखम वाढली हे दाखवावं लागतं, असा २०२० चा निकाल आहे. रिक्षात बसलेल्या प्रवाशाची तर काहीच चूक नसते, रिक्षा आणि कार दोघांची चूक असली तरी तो दोघांपैकी कुणाही एकाकडनं पूर्ण रक्कम मागू शकतो. पूर्ण चूक तुमचीच असेल तर तुमच्या पॉलिसीतलं मालक-चालकाचं १५ लाखाचं अपघात कव्हर बघा, ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाला असतं.

गाडी पळून गेली, नंबरच नाही?

गंभीर जखमेला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख, हिट अँड रन योजनेतनं. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयाकडं. कमी आहेत, पण सोडू नका.

कंपनीनं २ लाख ५० हजार देऊ केलेत, चूक सिद्ध करायची गरज नाही म्हणाले. घेऊ का?

हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ चे ठरलेले पैसे. पटकन मिळतात हे खरं, पण ते स्वीकारले की तुमचा कलम १६६ चा मोठा अर्ज, म्हणजे वर सांगितलेला ट्रिब्युनलमधला, संपतो. जखम पूर्ण बरी झाली असेल तर विचार करा. अपंगत्व राहणार असेल तर वरचा हिशोब घालून बघा आणि मगच सही करा. लोकअदालतीचं पण तसंच आहे, तिथं तडजोड झाली की अपील नाही. लोकअदालत वाईट नाही, आमच्या शेजाऱ्यांचं तिथं चांगलं मिटलं, पण त्यांच्याकडं अपंगत्वाचं सर्टिफिकेट आधीच हातात होतं.

वकील मिळालेल्या पैशातले वीस टक्के मागतात. बरोबर आहे का?

भरपाईतला हिस्सा फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या नियमात परवानगी नाही. फी आधी ठरवा, लिहून घ्या. परवडत नसेल तर जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, अपंगांना आणि कारखान्यातल्या कामगारांना तिथं फुकट वकील मिळतो. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही मागितली तर उठून या.

निकाल लागला, आता पैसे कसे येतात?

जखमीच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं, आधार, पॅन तयार ठेवा, पैसे थेट खात्यात मागा. अर्ज टाकल्याच्या तारखेपासनं व्याज मिळतं, आमच्यात साडेसात टक्के लावलं. काही रक्कम कोर्ट एफडीत ठेवायला सांगतं. पैसे कमी वाटले तर ९० दिवसांत हायकोर्टात अपील. कंपनीनं अपील केलं तरी तिला आधी काही रक्कम भरायला लागते, आणि जमा झालेल्यातली रक्कम काढायला अर्ज करता येतो, आमच्या भावाला पहिला हप्ता असाच मिळाला. त्यातनं त्यानं अशोक चौकाजवळ बसून करता येईल असं शिलाईचं दुकान टाकलंय, मशीन मोटारवर चालतं, उजव्या पायाला पायडल मारायला लागत नाही.